‘जी’: एका अक्षराच्या शब्दाची मुळं

मागच्या वेळी आपण भर्तृहरीवर बोललो. विषय जड होता आणि काही जणांनी तसं कळवलंही. म्हणून आज एकदम हलका विषय घेतो. हलका म्हणजे किती? एका अक्षराचा. आजचा शब्द आहे ‘जी’.

तुम्ही म्हणाल, यावर तासभर काय बोलणार? पण मोठे शब्द मिरवणुकीतल्या माणसांसारखे असतात, ते सगळ्यांना दिसतात. लहान शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखे. दिवसभर घरात असतात, पण कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. आणि घराचा इतिहास विचारायचा तर त्यांनाच विचारावा लागतो.

दुसरंही एक कारण आहे. आपल्या अमरावती-अकोल्याकडची मुलं पुण्या-मुंबईला शिकायला जातात. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्या बोलण्यातून जे शब्द गळतात, त्यात ‘जी’ असतोच. कोणीतरी हसतं, कोणीतरी म्हणतं, ‘हे काय हिंदी बोलतोस?’ मुलगा गप्प होतो. सुट्टीत घरी आला की आजोबांना ‘हाव जी’ म्हणताना अडखळतो. तेव्हा प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाही. आपल्या माणसांना मान देण्याची आपली रीतच अशुद्ध आहे, असं त्याला वाटायला लागतं. म्हणून तीन प्रश्न घेऊ. एक, ‘जी’ आपल्याकडे हिंदीतून आला का? दोन, तो मुळात कुठला? तीन, मूळ कळून उपयोग काय? तिसरा प्रश्न माझ्या विषयाचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा. पण तिथे पोचायला पहिल्या दोघांतून जावं लागेल.

‘जी’ करतो काय?

आधी गोंधळ नको म्हणून एक ‘जी’ बाजूला काढू. ‘जी मुलगी काल आली होती’ यातला ‘जी’ हे संबंधी सर्वनाम आहे. त्याचं कुळ वेगळं, तो संस्कृत ‘या’पासून आला. आपल्याला तो नको. आपल्याला हवा आहे तो आदराचा ‘जी’.

वऱ्हाडीत त्याची कामं मोजा. रस्त्यात भेटलेल्या माणसाला हाक द्यायची, ‘काय जी, कुठी चालले?’ होकार द्यायचा, ‘हाव जी.’ नीट ऐकू आलं नाही तर नुसतं सूर चढवून, ‘जी?’ आणि काही कारण नसताना वाक्याच्या शेवटी, ‘औंदा पान्याचं काई खरं नाही जी.’ या शेवटच्या वाक्यातून ‘जी’ काढून पाहा. पावसाची बातमी तीच राहते. पण बोलणारा शेजारी बसून बोलत होता, तो आता उठून गेल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे संबोधनांची एक शिडीच आहे. ‘चाल बे’ म्हटलं की दोस्त किंवा भांडण. ‘चाल रे’ साधं. ‘चाल गा’ त्यात थोडी माया. आणि ‘चाला जी’. इथे क्रियापदही बदललं, ‘चाल’चं ‘चाला’ झालं. ‘जी’ एकटा येत नाही, तो क्रियापदाला उभं करतो. आणखी एक गंमत पाहा. ‘रे’ पुरुषाला, ‘गं’ आणि ‘वं’ बाईला. ‘जी’ मात्र दोघांना सारखाच. ‘बसा जी’ हे आबाजीलाही चालतं आणि आजीलाही. मराठीत हाकेच्या शब्दांमध्ये असा बाई-पुरुष भेद न करणारे शब्द फार नाहीत.

हिंदीतून आला का?

आता पहिला प्रश्न. लोक म्हणतात, वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं, राजधानी नागपूर, कारभारात हिंदीचा शेजार, तिथून ‘जी’ शिरला. ऐकायला पटतं. वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे आलं आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडलं गेलं, हे खरं. पण आपल्याला त्याच्या सव्वासहाशे वर्षं मागे जायचं आहे, आणि फार लांब जायचं नाही. अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरला.

रिद्धपूर म्हणजे महानुभावांचं ऋद्धिपूर. गोविंदप्रभू, ज्यांना लोक गुंडम राऊळ म्हणत, तिथे राहिले. चक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांचे अनुयायी नागदेवाचार्य, महदाइसा, म्हाइंभट हे सगळे तिथे गोविंदप्रभूंच्या सेवेत होते. तिथेच म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली लीळाचरित्राचं काम केलं. कसं? तर ज्यानं ज्यानं चक्रधरांना पाहिलं होतं, ऐकलं होतं, त्याला गाठून विचारायचं, ते काय म्हणाले, कसे म्हणाले, आणि तेच लिहायचं. शब्द बदलायचा नाही. आजच्या भाषेत याला मुलाखती घेणं म्हणतात.

त्यामुळे लीळाचरित्र हा आपल्या भाषेतला मोठा ठेवा आहे. त्यात माणसं बोलतात. भिक्षा मागतात, रुसतात, शंका विचारतात. आणि या बोलण्यात ‘जी’ जागोजाग आहे. शिष्य गुरूला हाक मारतो ‘जी’ म्हणून, होकार देतो ‘जी जी’ म्हणून. गोविंदप्रभूंच्या लीळांतही तसंच. ज्यांना पडताळून पाहायचं असेल त्यांनी वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं, १९७८ साली निघालेलं लीळाचरित्र उघडावं. कोलते आपल्या बुलडाणा जिल्ह्यातले, मलकापूरकडच्या नरवेल गावचे.

आता एक काळजी घेतली पाहिजे. लीळाचरित्राची आज मिळणारी हस्तलिखितं नंतरची आहेत. नक्कल करणाऱ्यानं एखादा ‘जी’ आपल्या पदरचा घातला असेल, असं कोणी म्हणू शकेल. म्हणून दुसरा साक्षीदार बोलावू, वेगळ्या पंथाचा आणि वेगळ्या प्रदेशातला. १२९० साली नेवाश्याला सांगितलेली ज्ञानेश्वरी. तिच्या पहिल्या ओवीतला तिसराच शब्द ‘जी’ आहे. पुढे ज्ञानदेव गुरूला आणि श्रोत्यांना कितीदा ‘जी’ म्हणतात, ते मोजत बसा. दोन साक्षीदार एकमेकांना न विचारता तेच सांगतात, तेव्हा न्यायाधीशही मान डोलावतो.

म्हणजे तेराव्या शतकात गोदावरीकाठीही ‘जी’ होता आणि रिद्धपूरलाही. पुढे पश्चिमेकडे रोजच्या बोलण्यातून तो मागे सरला. पण पूर्ण गेला नाही. गुरुजींच्या शेवटी राहिला. पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे असलेले झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात, तिथे राहिला. ऐतिहासिक नाटकातल्या शिपायाच्या ‘जी महाराज’मध्ये राहिला. आणि नावांमध्ये तर पक्का रुतला: शहाजी, शिवाजी, संभाजी, तानाजी, सिंदखेडराजाचे लखुजी जाधव.

आपल्याकडे तो फक्त सरदारांच्या नावात नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. गाडगेबाबांचं मूळ नाव काय? डेबूजी. वडील झिंगराजी. शेंडगावचं परटाचं कुटुंब. तुकडोजी महाराजांचे वडील बंडोजी, गुरू वरखेडचे अडकोजी. ‘तुकडोजी’ या नावाकडेच पाहा. तुकडा म्हणजे भाकरीचा तुकडा. त्याला ‘जी’ लागला आणि तुकड्याला लोकांनी हात जोडले.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ‘जी’ हिंदीतून आलेला पाहुणा नाही. तो दोन्ही घरांत पूर्वीपासून आहे. शेजारी हिंदी असल्यामुळे आपल्याकडे त्याला टिकून राहायला बळ मिळालं असेल, हे मी नाकारत नाही. पण टिकवायला मदत करणं वेगळं आणि जन्म देणं वेगळं.

मूळ कुठलं?

इथे अभ्यासकांचं एकमत नाही. मुख्य मतं दोन. एक म्हणतं, ‘जी’ हा संस्कृत ‘आर्य’पासून आला. ‘आर्य’ म्हणजे मान्य, थोर. प्राकृतात त्याचा ‘अज्ज’ झाला, पुढे ‘अजी’ आणि मग ‘जी’. दुसरं मत म्हणतं, तो ‘जीव’पासून आला. इथे ‘जीव’ हे नाम नाही, आज्ञार्थी क्रियापद आहे: ‘जग, जिवंत राहा.’

मला दुसरं मत जास्त पटतं. का ते सांगतो. ‘आर्य’चे वंशज मराठीत आहेत, आणि ते चांगले ओळखू येतात: आजा आणि आजी. त्यांनी सुरुवातीचा ‘आ’ सोडलेला नाही. ‘जी’ला त्या घरात बसवायचं तर तो ‘आ’ही घालवावा लागतो आणि शेवटच्या ‘ई’चं कारणही शोधावं लागतं. उलट ‘जीव’कडून ‘जी’कडे येणारी वाट पायाखालची आहे, आणि वाटेवरचे टप्पे आजही उभे आहेत. बंगालमध्ये आणि ओडिशात देवाच्या नावापुढे ‘जीउ’ लावतात. ओडिशात केंद्रापाड्याचं बलदेवजीउ मंदिर प्रसिद्ध आहे. बुंदेलखंडात आणि ब्रजात ‘जू’ म्हणतात. जीव, जीउ, आणि मग एकीकडे जू, दुसरीकडे जी. शेवटचा ‘व’ आधी ‘उ’ झाला आणि मग विरून गेला. चार प्रदेश, पण साखळी एक.

पण अर्थाचं काय? ‘जग’ असं म्हणणं हा आशीर्वाद झाला, आणि आशीर्वाद मोठ्यानं लहानाला द्यायचा असतो. लग्नपत्रिकेत आपण मुलाच्या नावाआधी ‘चि.’ लिहितो. चिरंजीव, खूप जग. तो वरून खाली येणारा ‘जीव’ आहे. मग ‘जी’ खालून वर कसा गेला?

तर दरबारातून. राजासमोर गेलं की त्याच्या आयुष्याचा पुकारा करायचा, ही जुनी रीत. तुलसीदासांच्या रामचरितमानसात दशरथानं बोलावलेले सेवक आणि सचिव ‘जयजीव’ म्हणून डोकं नमवतात. ‘जिंका आणि जगा.’ हा खालून वर जाणारा ‘जीव’. राजाला म्हणता म्हणता तो गुरूला, मग सासऱ्याला, मग वाटेत भेटणाऱ्या कुणालाही म्हटला जाऊ लागला. जितका वापरला तितका झिजला. नाणं हातोहात फिरून गुळगुळीत होतं, त्यावरचा छाप दिसेनासा होतो, पण बाजारात ते चालतं. तसा हा ‘जी’.

लांबची भावंडं

आता थोडं लांब जाऊ. रशिया, पोलंड, चेक देश, सर्बिया, क्रोएशिया. या सगळ्या स्लाव भाषा. त्यांच्यात एक छोटासा शब्द सगळीकडे आहे. रशियनमध्ये आणि सर्बियनमध्ये ‘झीव’, चेकमध्ये ‘झिवी’, पोलिशमध्ये ‘झिवी’सारखाच. हा ‘झ’ आपल्या ‘झाडा’तला नाही, ‘ट्रेझरी’ म्हणताना जो मऊ ‘झ’ येतो, तो. अर्थ काय? जिवंत. आपल्या ‘जीव’चा सख्खा भाऊ.

हा ओढूनताणून जुळवलेला योगायोग नाही. भाषाशास्त्रात नुसतं कानाला सारखं लागणं पुरत नाही, नियम दाखवावा लागतो. मूळ भाषेत या शब्दाचा पहिला ध्वनी ‘ग्व’सारखा होता असं अभ्यासक मानतात. लिथुआनियन भाषेनं त्यातला ‘ग’ राखला, ती ‘गीवस’ म्हणते. लॅटिननं ‘व’ राखला, ‘वीवुस’. ग्रीकनं ‘ब’ केला, ‘बिओस’. आपलं ‘बायोलॉजी’ तिथून आलं. आणि संस्कृत, इराणी, स्लाव या घरांत पुढच्या ‘ई’नं त्या ‘ग’ला टाळूकडे ओढलं. संस्कृतात ‘ज’ झाला, स्लाव भाषांत मऊ ‘झ’. 

‘ई’ अशी ओढ लावते का? आपल्याच तोंडात करून पाहा. ‘माझा’ म्हणा आणि लगेच ‘माझी’ म्हणा. ‘माझा’मध्ये जीभ दातांमागे लागते, ‘माझी’मध्ये टाळूकडे जाते. लिहिताना अक्षर एकच, पण ‘ई’ आली की ध्वनी सरकतो. हजारो वर्षांपूर्वी जे मोठ्या प्रमाणावर घडलं, त्याचा छोटा नमुना आपण रोज बोलतो.

यापुढे जास्त मजा आहे. सर्बिया-क्रोएशियाकडे एखाद्याचा जयजयकार करायचा तर ‘झिवेओ!’ किंवा ‘झिवियो!’ म्हणतात. म्हणजे ‘जगा, चिरायू व्हा.’ पेला उंचावताना ‘झिवेली!’ म्हणतात. म्हणजे तिकडेही ‘जग’ या क्रियापदाचा पुकारा झाला आणि पुकाऱ्याचा शिष्टाचार झाला. लॅटिनमध्ये ‘वीवात’चं तेच झालं. फारसीत ‘जिंदा’ हा त्याच मुळातला शब्द, त्यावरून ‘जिंदाबाद’. मोर्चात ‘जिंदाबाद’ म्हणणारा तरुण आणि ओट्यावर बसून ‘हाव जी’ म्हणणारी त्याची आजी, दोघं एकाच धातूला राबवत आहेत आणि दोघांनाही ते माहीत नाही.

पण इथेही सावध राहू. सर्बियातला ‘झिवेओ’ आणि वऱ्हाडातला ‘जी’ हा एकच शब्द आहे, असं मी म्हणत नाही. धातू एक आहे. त्याचा पुकारा करणं ही गोष्ट मात्र माणसांनी ठिकठिकाणी आपापली केली. आणि एकाच मुळाचे शब्द वेगळ्या वाटांनीही जातात. ‘झीव’पासून स्लाव भाषांत ‘झिवोत’ झाला. सर्बियनमध्ये आणि चेकमध्ये त्याचा अर्थ आयुष्य. आजच्या रशियनमध्ये अर्थ पोट! आपल्याला हे नवल वाटायला नको. ‘पोटासाठी वणवण’ म्हणताना आपणही पोट म्हणून जगणंच सांगतो.

‘जीव’ म्हटल्यानं कोणी जगतं का?

आता माझ्या विषयाकडे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. बुद्ध मोठ्या समुदायापुढे प्रवचन देत होते. मध्येच त्यांना शिंक आली. लगेच सगळे भिक्खू मोठ्यानं म्हणाले, ‘भगवान जगोत.’ इतका गलका झाला की प्रवचन थांबलं. बुद्धांनी विचारलं, शिंकलेल्याला ‘जग’ म्हटल्यामुळे तो जगतो किंवा मरतो का? भिक्खू म्हणाले, नाही. मग म्हणू नका, असा नियम झाला.

एखादा कोरडा तर्कवादी इथेच थांबला असता. पण गोष्ट पुढे आहे. भिक्खूंना शिंक आली की गावातले लोक त्यांना ‘जगा महाराज’ म्हणायचे. नियम आठवून भिक्खू गप्प बसायचे. लोकांना वाईट वाटलं, हे कसले साधू, उत्तरसुद्धा देत नाहीत. हे कानावर आल्यावर बुद्धांनी सांगितलं, गृहस्थांना मंगल शब्द प्रिय असतात. त्यांनी ‘जगा’ म्हटलं तर तुम्ही ‘चिरंजीव’ असं उत्तर द्यायला माझी परवानगी आहे.

या छोट्या गोष्टीत भाषेचं एक अख्खं तत्त्वज्ञान आहे. शब्दानं आयुष्य वाढत नाही, हे खरं. पण शब्दाला उत्तर दिलं नाही तर समोरचा माणूस दुखावतो, हेही तितकंच खरं. शब्द जगाबद्दल माहिती देतात तेवढंच त्यांचं काम नसतं. ते दोन माणसांमध्ये काहीतरी बांधतात.

आपल्या व्याकरणकारांनी यासाठी चांगली भाषा तयार ठेवली आहे. यास्कानं निरुक्तात शब्दांचे चार वर्ग सांगितले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. ‘च’, ‘वा’ असे बारके शब्द निपातांत येतात. पुढे वाद झाला, हे लहान शब्द ‘वाचक’ आहेत की ‘द्योतक’? वाचक म्हणजे स्वतःचा अर्थ सांगणारा. द्योतक म्हणजे दुसऱ्याच्या अर्थावर उजेड टाकणारा. दिवा भिंत बांधत नाही, पण तो लावला की भिंत दिसते. ‘जी’ आज असा द्योतक आहे. ‘औंदा पान्याचं काई खरं नाही जी’ यात तो पावसाबद्दल काहीच सांगत नाही. तुम्ही आणि मी कोण आहोत, यावर तो उजेड टाकतो.

म्हणूनच मुळाचा अर्थ हाच खरा अर्थ, असं समजू नका. ‘तेल’ हा शब्द ‘तिळा’वरून आला. म्हणून अकोल्याच्या दुकानात जाऊन ‘सरकीचं तेल हे तेलच नव्हे’ असा वाद घालणारा शहाणा ठरत नाही. शब्दाचा अर्थ तो वापरणारे ठरवतात. ‘हाव जी’ म्हणणारी बाई मनात कुणाला दीर्घायुष्य चिंतत नसते, आणि चिंतायची गरजही नाही.

मग मूळ कळून उपयोग काय?

उपयोग आहे. मूळ आपल्याला एक प्रश्न विचारायला लावतं: या ‘जी’ला उत्तर मिळतं का?

आपल्या खेड्यांत जुन्या काळी सालदार मालकाला म्हणायचा, ‘हाव जी मालक.’ मालक उत्तर द्यायचा, ‘काय बे?’ बाई नवऱ्याला म्हणायची, ‘आयकता का जी?’ उत्तर यायचं, ‘काय वं?’ ‘जी’ खालून वर जायचा, वरून खाली ‘बे’ यायचा. शब्द आदराचा, पण तो एकाच दिशेनं वाहत होता. महार समाजाला तर ‘जोहार’ सक्तीनं घालावा लागे, आणि त्याला उत्तर मिळेलच याची हमी नव्हती. ‘जी हुजूर’ ही शिवी का झाली, याचं कारण हेच. लोकांना शब्दाचा राग नव्हता, त्याच्या एकेरी वाहतुकीचा होता.

याच्यासमोर ‘जय भीम’ ठेवून पाहा. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’. कलेक्टर असो की मजूर, दोघांचा शब्द एक. अभिवादन कसं असावं याचा तो धडा आहे. आणि चुल्लवग्गातल्या त्या प्रसंगाचाही धडा तोच आहे. ‘जगा’ म्हणणाऱ्याला ‘चिरंजीव’ म्हणायचं. इच्छा आली, इच्छा परत गेली.

म्हणून मला वाटतं, ‘जी’ लाजेनं टाकून देणं चूक आणि डोळे मिटून गौरवणंही चूक. तो आपला आहे, जुना आहे, रिद्धपुरात बोलला गेलेला आहे. तो जपायचा तर दोन्ही बाजूंनी जपायचा. ज्याला तुम्ही आजवर ‘बे’ म्हणत आलात, त्याला ‘जी’ म्हणून पाहा. जिभेला काही त्रास होत नाही. त्रास झालाच तर तो कुठे होतो, ते तपासा. तिथून पुढचं तत्त्वज्ञान सुरू होतं.

आता दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्न: माझ्या वडिलांचं नाव एका दाखल्यावर ‘किसनजी’ आहे, दुसऱ्यावर ‘किसन’. यातलं शुद्ध कोणतं?

छान प्रश्न. नावातले ‘जी’ दोन प्रकारचे असतात. ‘गांधीजी’मधला ‘जी’ आपण आदरानं लावतो, तो काढला तरी ‘गांधी’ हे नाव पूर्ण राहतं. ‘शिवाजी’मधला ‘जी’ नावाच्या अंगात मुरलेला आहे, तो काढला तर नावच उरत नाही. ‘तुकडोजी’, ‘झिंगराजी’ तसेच. ‘किसनजी’ मधोमध बसतो. तुमच्या घरी पिढ्यान्पिढ्या ‘किसनजी’ हेच नाव म्हणून लिहिलं जात असेल, तर तोच शुद्ध. कारकुनानं ‘हे तर आदरार्थी आहे’ म्हणून तो छाटू नये. नाव हे व्याकरणाचं नसतं, माणसाचं असतं. दोन दाखले मात्र वेळीच सारखे करून घ्या, नंतर फार हेलपाटे पडतात.

प्रश्न: प्रमाण मराठीत लिहिताना ‘जी’ चालेल का?

कुठे लिहिता त्यावर आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्याचं काम नाही, कारण तिथे तुम्ही कुणाला हाक मारत नाही. पण कथेतल्या पात्राच्या तोंडी, पत्रात, भाषणात तो का चालू नये? उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली. त्यातली माणसं वऱ्हाडीत बोलतात, म्हणून ती कमी मराठी ठरली नाही. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो मिळवून देण्यात ज्या जुन्या ग्रंथांचा आधार आहे, त्यांत लीळाचरित्र आहे. ग्रंथातला ‘जी’ अभिजात आणि ओट्यावरचा ‘जी’ गावठी, असा हिशोब करता येणार नाही.

प्रश्न: आमची नातवंडं आता ‘जी’ म्हणतच नाहीत. काय करावं?

रागावून शिकवू नका. रागावून शिकवलेला आदर हा पुन्हा एकेरीच होतो. आपल्याकडच्या जुन्या बाया काय करायच्या ते आठवा. दोन वर्षांचं पोर दुडूदुडू चालत आलं की त्यालाच म्हणायच्या, ‘या जी, बसा जी, काय म्हनता?’ पोर हसायचं. आधी त्याला मिळायचा, मग ते द्यायला शिकायचं. क्रम तोच ठेवा.